एकदम ऑर्डर्ली

दवाखान्याच्या लांबलचक व्हरांड्यात ‘ऑर्डर्ली!’ अशी हाक आली, की मामांचे पाय आपोआप तिकडे वळत. आईवडिलांनी त्यांचं नाव चांगलं हौसेनं ठेवलं होतं, पण ते पगाराच्या दिवशी तेवढं कुणाच्या तरी तोंडी यायचं. पेशंट आणि नर्सबाई त्यांना मामा म्हणत. डॉक्टर ऑर्डर्ली म्हणत, तेही बहुतेक वेळा वैतागून. त्यामुळे या शब्दाचा अर्थ मामांच्या डोक्यात पक्का बसलेला होता. ऑर्डर्ली म्हणजे स्ट्रेचर ढकलणारा, बेडपॅन उचलणारा, कुणी ओकलं तर फडकं घेऊन धावणारा. त्या शब्दाला दुसराही काही अर्थ असेल, असं त्यांच्या स्वप्नातही आलं नव्हतं.

कामात मात्र माणूस वाघ. कंबर मोडलेल्या पेशंटला चादरीसकट उचलायचं असलं, की सोबतच्यांना ते असे खुणेनं हलवत, की पेशंट ‘आई गं’ म्हणेपर्यंत दुसऱ्या खाटेवर पोचलेला असे. पण हा वाघ गेटबाहेर पडला की त्याची शेळी व्हायची. शेजाऱ्यांना वाटे, हे दवाखान्याच्या ऑफिसात आहेत. मामांनी तो गैरसमज कधी खोडला नाही, उलट पाणी घालून वाढवला. लेक लहान असताना तिनं वर्गात उभं राहून सांगितलं होतं, “माझे बाबा आजारी माणसांना उचलतात.” हे कळल्यावर मामांनी तिला जवळ बसवून बजावलं, “कुणी विचारलं तर म्हणायचं, दवाखान्यात असतात. पुढचं बोलायचं नाही.” पोरीनं मान डोलावली. तिला कारण कळलं नव्हतं, पण बाबांचा चेहरा कळला होता.

शाळेतल्या पालकसभेला नेहमी बायको जायची. लेक आठवीत गेली त्या वर्षी नेमका सभेआधी बायकोचा पाय मुरगळला.

“अहो, एक दिवस जा. बाई काय खाणार आहेत का तुम्हाला?”

“मी काय बोलू तिथं?”

“बोलायचं कशाला? ऐकायचं आणि हो म्हणायचं. घरी तेच करता ना?”

मामा गेले. ड्यूटीवरून निघताना साबणानं हात घासघासून धुतले, तरी फिनेलचा वास आपल्याबरोबर वर्गात शिरलाय, असं त्यांना वाटत राहिलं. मुलांच्या बाकात गुडघे कोंबून ते बसले. मुलं भिंतीला टेकून उभी होती, त्यात लेकही होती. ती बाबांकडे बघून हसली. मामाही हसणार होते, तेवढ्यात शेजारच्या बाकावरचे गृहस्थ म्हणाले, “तुम्हाला कुठेतरी पाहिलंय मी.”

मामांनी त्यांना केव्हाच ओळखलं होतं. त्यांच्या म्हाताऱ्या वडिलांना एक्स-रेला नेलं होतं, कपडे बदलले होते, सगळं केलं होतं. “नाही बुवा,” मामा म्हणाले आणि फळ्याकडे बघू लागले. आता हा माणूस आठवून आठवून भर वर्गात बोलणार, या धास्तीनं त्यांचं अर्धं लक्ष उडालं.

बाई तरुण होत्या, हसऱ्या होत्या, आणि तीन शब्दांत एक इंग्रजी पेरत बोलायच्या. एकेका मुलाबद्दल सांगत त्या मामांच्या लेकीपाशी आल्या.

“आणि ही. हिच्याबद्दल काय सांगू? एकदम ऑर्डर्ली आहे ही. आणि हे कुठून आलं विचारलं तर म्हणते...”

दोनचार पालक हसले. शेजारचे गृहस्थही हसले. मामांच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

“बाई!” ते उठले, गुडघा बाकाला आपटला, तरी उठले. “माझी मुलगी ऑर्डर्ली नाही. ऑर्डर्ली मी आहे! बापावरून पोरीला चारचौघांत टोमणा मारता? मी लोकांची घाण उपसतो ते तिला तसलं काही करावं लागू नये म्हणून. समजलं?”

बाईंचा चेहरा आधी पांढरा पडला, मग लाल झाला.

“अहो काका... ऑर्डर्ली म्हणजे व्यवस्थित. नीटनेटकी. हिच्या वह्या, दप्तर, बाक, सगळं जागच्या जागी असतं. मी तिचं कौतुक करत होते हो.”

मागून कुणीतरी फसकन हसलं आणि खोकल्यासारखं केलं. शेजारच्या गृहस्थांना तेवढ्यात आठवलं. “हां! तुम्ही ते वॉर्डातले मामा!” ते आनंदानं म्हणाले. बिचाऱ्यांच्या मनात काही वाकडं नव्हतं, पण धरणीनं पोटात घ्यावं असं मामांना झालं. “माफ करा बाई,” एवढं पुटपुटून ते खाली बसले. पुढचं त्यांना ऐकूच आलं नाही. लेकीकडे बघायची हिंमत झाली नाही.

सभा संपल्यावर दोघं रस्त्यानं निघाले. लेक दोन पावलं पुढे चालत होती. मामांनी हसण्यावारी न्यायचा प्रयत्न केला.

“तुझ्या बापाचं इंग्रजी म्हणजे... चांगलाच तोंडघशी पडलो, नाही?”

तिनं पावलं आणखी भरभर उचलली.

“तुला मान खाली घालायला लावली मी. वर्गात उद्या चिडवतील तुला.”

“इंग्रजीचं काही नाही हो, बाबा.” ती थांबली. तिचे डोळे भरले होते. “बाईंनी मला विचारलं होतं, इतकं नीट कुणी शिकवलं. मी सांगितलं, बाबांनी. ते वॉर्डात सगळं जागच्या जागी ठेवतात, घाईत हात लावला की वस्तू मिळाली पाहिजे म्हणतात. ते पेशंटना कसं उचलतात तेपण सांगितलं. बाईंना इतकं आवडलं! त्या आज तेच सगळ्यांना सांगणार होत्या.”

“तू सांगितलंस? मी नको म्हटलं होतं ना?”

“हो. आणि कुणी नावं ठेवली नाहीत, बाबा. घाण तुम्हीच म्हणालात.”

इतकी वर्षं जगानं आपल्याला हिणवू नये म्हणून मामांनी तोंड लपवलं, आणि आज जगानं काही म्हणायच्या आत आपणच आपल्या कामाला शिवी दिली. तीही लेकीसमोर, ती ते काम मोठ्या तोऱ्यात सांगून आली असताना. मेल्याहून मेल्यासारखं झालं त्यांना. ते खाली मान घालून तिच्या मागोमाग चालत राहिले.

घरी बायको पाय उशीवर ठेवून वाट बघत होती.

“काय म्हणाल्या बाई? आणि तुम्ही काही बोललात की नुसती मान हलवलीत?”

मामांनी तोंड उघडलं. खरं सांगून टाकावं, असं त्यांनी वाटेत ठरवलं होतं. पण त्याआधी लेकच बोलली.

“बाईंनी खूप कौतुक केलं. बाबा गप्पच होते.”

ती दप्तर उचलून आत गेली. बापाकडे तिनं पाहिलंही नाही.

बायको खूश झाली. “बघा, उगाच घाबरत होता,” म्हणाली. मामांच्या जिवात जीव आला. तो आला याचीच त्यांना दिवसभरातल्या सगळ्या गोष्टींपेक्षा जास्त लाज वाटली. बापाला झाकायला पोर त्यांच्याच हाताखाली शिकली होती, आणि आता तरी ‘नाही गं, ती खोटं बोलतेय’ म्हणायला त्यांची जीभ उचलत नव्हती.

“हो,” ते म्हणाले, “खूप कौतुक केलं.”