न बांधलेल्या भिंतीचा पंच

सहदेव घाडीने आयुष्यात किती पंचनाम्यांवर सही केली, हे त्याला स्वतःलाही सांगता आलं नसतं. ब्याऐंशीच्या संपात गिरणी सुटली, तेव्हापासून घाटकोपरच्या डोंगराखाली एका सरकारी ऑफिसच्या फाटकाशी त्याची चहाची टपरी होती. आत कुठल्या कागदावर स्थानिक पंच लागला की कारकून खिडकीतून ओरडायचा, "घाडी, या हो जरा!" हा हात पुसत जायचा, बोट दाखवतील तिथे ऐटीत सही ठोकायचा आणि घरी बायकोला, शेवंतीला, सांगायचा, "माझ्याशिवाय साहेबांचा कागद हलत नाय." वाचायचा मात्र कधीच नाही. वाचणाऱ्याला दुसऱ्यांदा कोण बोलावतंय? अतिक्रमणवाल्यांची गाडी बाकीच्या टपऱ्या उचलायची आणि त्याची तेवढी सोडून पुढे जायची. एवढ्याशा मोठेपणावर हा गडी खूश होता.

शहाऐंशीच्या ऑगस्टमध्ये डोंगर त्याच्याच वस्तीवर आला. वर खडी काढणाऱ्यांनी सुरुंग लावून लावून तो खिळखिळा केला होता, उरलेलं पावसाने केलं. अकरा माणसं गाडली गेली. त्यात शेजारचा लवूही होता, त्याच्याच गावचा, त्याच्याच गिरणीतला. सहदेवने हातांनी चिखल उपसून त्याचं प्रेत बाहेर काढलं.

तिसऱ्या दिवशी मंत्रिमहाशय आले. एक जण छत्री धरायला, एक रुमाल द्यायला. बूट भरू नयेत म्हणून चिखलावर फळ्या टाकल्या होत्या. माणसं उपसायला फावडी मिळत नव्हती, पण फळ्या बरोबर मिळाल्या! त्या फळीवर उभं राहून महाशय म्हणाले, "निसर्गापुढे सरकार काय करणार?" पुढे सभागृहात विरोधकांनी धारेवर धरलं, तेव्हा त्यांनी एक कागदच फडकावला. डोंगराला संरक्षक भिंत दोन वर्षांपूर्वीच बांधून झाली आहे, स्थानिक पंचांनी ती पाहून सही केली आहे. पंचाचं नाव, सहदेव घाडी.

पेपरात ते छापून आलं. लवूची बायको प्रेमा पेपर घेऊन दारात उभी राहिली. "खंय होती रे भिंत, सहदेवा? माका दाखव."

स्वतःची इतकी किळस सहदेवला कधी आली नव्हती. चौकशी बसली होती. भिंत नव्हती हे तिथे ठरलं, तरच वाचलेल्यांना दुसरीकडे घरं मिळणार होती. नाहीतर तुम्ही बेकायदा राहिलात, तुमचं तुम्ही बघा, असा सरळ कारभार.

साक्षीच्या आदल्या दिवशी कारकून चहा प्यायला आला. "आठवत नाही, एवढंच म्हणायचं. टपरी चालू ठेवायची आहे ना?"

दुसऱ्या दिवशी सहदेव चौकशी अधिकाऱ्यासमोर उभा राहिला. "भिंत नव्हती, साहेब. मी न बघता सही केली."

"म्हणजे खोटी सही केलीत?"

"केली. मला काय ती शिक्षा द्या. पण ज्यांनी कागद पुढे केला, त्यांनापण बोलवा ना. भिंत बांधायचं काम चहावाल्याकडे नव्हतं."

साहेबांनी घड्याळ पाहिलं. टाइप करणाऱ्याचे हात थांबले, ते पुन्हा चाललेच नाहीत. चौथ्या दिवशी अतिक्रमणाची गाडी टपरी घेऊन गेली.

अहवाल आठ महिन्यांनी आला. त्यातली अक्कल बघण्यासारखी होती. साक्षीदार खोटी सही केल्याचं स्वतःच कबूल करतो, सबब त्याच्या तोंडी शब्दावर विश्वास ठेवता येत नाही. लेखी पुरावा ग्राह्य धरून भिंत अस्तित्वात होती, असा निष्कर्ष काढण्यात येत आहे. म्हणजे खोटारड्याचा खरा शब्द खोटा आणि खोटी सही खरी. असलं लिहायला पगार मिळतो, वर बढतीही. कागदावर ती भिंत बांधणारे इंजिनिअरसाहेब बढतीवर वांद्र्याला गेले. मंत्री मंत्रीच राहिले.

प्रेमाला हे सांगायला सहदेव स्वतः गेला. ती पत्र्याच्या तात्पुरत्या शेडमध्ये तांदूळ निवडत होती.

"भिंत होती, असं ठरलं," तो म्हणाला. "घरं नाय मिळणार."

तिने सूप खाली ठेवलं. डोंगराच्या उघड्या कड्याकडे हात केला.

"आमचो माणूस गावलो," ती म्हणाली. "घरातलो पाटो गावलो. त्या भिंतीचो एक धोंडो तरी खंय गावलो काय रे?"