खिंडीतलं पाणी

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. माझ्या बायकोला, गयाला, सगळं ठाऊक आहे. पण माझ्या तोंडून तिनंही ते कधी ऐकलेलं नाही.

डोंगराचे पेले — सोलापुरात ते निघाले तेव्हा कोण गवगवा झाला होता! ते माझ्याच भट्टीतले. त्याआधी मी फुटक्या बाटल्या वितळवून कंदिलाच्या काचा फुंकायचो. गया घाटाखालच्या गावची, या सपाट माळावर लग्न होऊन आलेली. एका दुपारी साच्याची ओली माती घेऊन तिनं सहज एक डोंगर केला — दोन शिखरं, मधे खिंड.

"ह्यो आमचा डोंगर," म्हणाली. "तुमच्या सोलापुरात उंच काय, तर गिरणीचं धुराडं!"

मला काय सुचलं कोण जाणे! तो डोंगर भाजला, साच्याच्या बुडाशी बसवला आणि वर तापलेली काच फुंकली. पेला निवल्यावर पाणी ओतलं — आणि काय सांगू तुम्हाला? तळातून काचेचा डोंगर वर आलेला, भोवती तळं! आम्ही पोरांसारखे ओरडलो. गयानं पेला तोंडाला लावून कलता केला.

"अवो, शेवटचा घोट खिंडीतनंच येतोय की! खिंडीखालीच आमचं घर हाय. बाबांना ह्यातनं पाणी पाजायचं. न्याल न्हवं मला?"

"नेणार की!" मी म्हणालो. आणि त्या वेळी ते खरंच होतं.

मग शहरात प्रदर्शन भरलं. ही झुंबड! वकील, डॉक्टर, गिरणीतले साहेब — जो तो पेला उजेडात धरायचा नि हसायचा. एकानं विचारलं, "डोंगर कुठला हो हा? कल्पना कुणाची?"

गया मागेच बसून पेले गवतात गुंडाळत होती. मी म्हणालो — "माझीच. मनातला डोंगर आहे."

किती सोपं गेलं ते! आणि किती गोड लागलं! लाज वाटते, पण त्या क्षणाचा आनंद आजही अंगावर काटा आणतो.

पदक मिळालं. पण आता तो पेला तिच्या माहेरी न्यायचा कसा? तिथलं शेंबडं पोरही म्हणालं असतं — हा तर आपला डोंगर! तिथली बातमी सोलापुरात कोण आणणार होतं? तरी मी भ्यालो. दिवाळी होऊ दे म्हणालो. भट्टी पेटलीय म्हणालो. शेवटी तिचा भाऊच न्यायला आला — बाबा अंथरुणाला खिळले होते.

"एक पेला द्या," गया म्हणाली.

"सगळे विकले गेले," मी म्हणालो.

पेल्यांची पेटी पलंगाखाली होती. तिच्या लुगड्यांचं बोचकं मी त्या पेटीशेजारूनच ओढून तिच्या हातात दिलं.

बाबांना तिनं वाटीनं पाणी पाजलं. ते गेले.

परत आल्यावर पलंगाखालून झाडताना केरसुणी पेटीला लागली — काच किणकिणली. मी दारातच होतो. तिनं एक पेला काढला, धुतला, भरला, माझ्या हातात दिला आणि माझं पिऊन होईपर्यंत समोर उभी राहिली.

शेवटचा घोट खिंडीतनंच आला.