जोड्यांचा मान

"छत्र, मंदार. चवरी, कुलकर्णी वहिनी. अब्दागिरी, पाटील. आणि जोडे..."

अविनाश सरांनी कागदावरून मान वर केली, हॉलमध्ये मला शोधलं आणि माझं नाव घेतलं. टाळ्या पडल्या.

शनिवारची दुपार. जर्मनीतल्या इंगोलश्टाट शहराच्या कडेला एका क्रीडासंघाचा भाड्याने घेतलेला हॉल. चाळीसेक मराठी माणसं, निम्म्यांच्या डोक्यावर अर्धवट बांधलेले फेटे. एका जुन्या संस्थानाचे वंशज युरोपच्या दौऱ्यावर येणार होते आणि आमचं मंडळ त्यांचा दरबार भरवणार होतं. पालखी, पायघड्या, गादी, सगळं. त्या दरबारात कुणाला कोणता मान, त्याची यादी सर वाचत होते.

जोड्यांचा मान म्हणजे काय, ते सरांनीच समजावलं. महाराज पालखीतून उतरणार. पायघड्यांवरून चालत गादीसमोर येणार. तिथं मी चांदीचं ताट घेऊन उभा. महाराज पाय पुढे करतील. मी गुडघ्यावर बसायचं, मोजड्या काढायच्या, ताटात ठेवायच्या आणि दरबार संपेपर्यंत ते ताट छातीशी धरून उभं राहायचं. जरा वाकून.

"एकदम ऑथेंटिक आहे हे," सर म्हणाले. "याच्या आजोबांकडे खरोखर हा मान होता, याच संस्थानात. ओरिजिनल मानकरी आहे आपल्याकडे!"

पुन्हा टाळ्या.

मी हसलो. आज हे लिहिताना सगळ्यात जास्त लाज त्या हसण्याची वाटते.

"चला, एकदा करून बघू," सर म्हणाले. मंदार महाराजांच्या जागी उभा राहिला. त्याने पाय पुढे केला. पायात पळायचे बूट होते. लोक हसत होते, कुणीतरी मोबाईल धरला होता. मी गुडघ्यावर बसलो आणि मंदारच्या बुटाची नाडी सोडली. मोजा ओलसर होता. मी वर पाहिलं तर माझी साडेसात वर्षांची मुलगी सांची समोरच्या बाकावर बसून माझ्याकडे बघत होती. ती हसत नव्हती.

सरांना आजोबांची गोष्ट कशी कळली? मीच सांगितली होती. त्या उन्हाळ्यात तळ्याकाठी ग्रिलपार्टी होती. सर एका मोठ्या कार कंपनीत विभागप्रमुख. माझ्यासारख्याशी निवांत बोलत बसले, आजोळ कुठलं, गाव कुठलं विचारलं. मला बरं वाटलं. परदेशात आपला माणूस भेटला की जीभ सैल सुटते. मी सांगून बसलो.

आमची वस्ती गावकुसाबाहेर. संस्थानिक शिकारीला आले की त्यांचा तळ गावाजवळ पडायचा आणि वेठीला आमची माणसं जायची. माझ्या आजोबांना तंबूबाहेर राजाचे जोडे राखायला बसवायचे. हात लावायचा नाही. फक्त कुत्रं येऊ द्यायचं नाही. एकदा राजाच्या कारकिर्दीचा उत्सव होता, नेमका दुष्काळात. लोकांच्या पोटात अन्न नव्हतं, पण गावाने तोरणं बांधली, घरं सारवली, हलग्या वाजवल्या. भर उन्हात कारभाऱ्याने छत्री आणून उघडून ठेवली. जोड्यांवर. चामडं तडकू नये म्हणून. आजोबा शेजारी उन्हात, संध्याकाळपर्यंत. पाणी मागितलं तर शिपाई म्हणाला, "उठलास तर कातडं सोलीन." आजोबा ही गोष्ट सांगायचे तेव्हा राजाचा राग फारसा करत नसत. त्यांना राग यायचा तो हलग्यांचा. म्हणायचे, "उपाशी लोकं नाचत होती रं. माझ्याकडं बघून नाचत होती."

एवढं सगळं मी सरांना सांगितलं. ते "अच्छा, अच्छा" करत होते, मान हलवत होते. मी त्यांना अपमान सांगितला आणि त्यांनी तो मान म्हणून लिहून घेतला.

आता हे विचाराल की तेव्हाच का नाही तोंड उघडलं. सांगतो.

त्याच्या दोनेक महिने आधी माझी नोकरी गेली होती. एका सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीत मी डिझाईनचं काम करायचो. आधी कुर्त्सआर्बाइट आलं, म्हणजे काम कमी, पगार कमी. मग एका सकाळी आमचा अख्खा विभाग बंद. मंदार माझ्याच शेजारच्या टेबलावर बसायचा, तोही त्याच दिवशी बाहेर पडला. आमच्या ग्रुपवर दर आठवड्याला कुणाची तरी बातमी यायची. कुणाचा करार संपला, कुणी सामान विकायला काढलं. बायका पोळीभाजीचे डबे करायला लागल्या. माझं ब्लू कार्ड, म्हणजे इथं राहायचा परवाना, नोकरीला बांधलेलं. कायमच्या परवान्याची अपॉइंटमेंट मिळेपर्यंत नोकरीच गेली. आउसलेंडरबेहोर्डचं, म्हणजे परदेशी लोकांच्या कचेरीचं, पत्र आलं, तीन महिन्यांत नवी नोकरी दाखवा. नाहीतर गाशा गुंडाळा. शब्द सभ्य होते, अर्थ हाच.

आणि अशा दिवसांत दरबार! आमच्याकडची म्हण खरी आहे, घरात नाही दाणा आणि मला बाजीराव म्हणा. मला वाटलं होतं लोक कुरकुर करतील. कोण कुरकुर करतोय? नोकरी गेलेलेच सगळ्यात पुढे. ज्याच्या घराचं भाडं थकलं होतं तो फेट्याचा रंग कोणता यावर तासभर भांडला. भारतातून भरजरी गादी विमानाने मागवली. पायघड्या मखमलीच्या. मंदार एकदा म्हणाला, "यार, महिनाभर नुसते नकाराचे मेल वाचतोय. एक दिवस तरी राजाच्या बाजूला उभं राहू दे." मला त्याचं म्हणणं कळलं. कळलं म्हणूनच चीड आली.

आणि मी काही वेगळा नव्हतो. पालखी मीच बनवली. धडधाकट माणूस बसेल अशी पालखी बाजारात मिळत नाही, म्हणून अॅल्युमिनियमच्या चौकटीचं डिझाईन केलं. किती वजन, किती खांदे, कुठे वाकेल, सगळं गणित मांडलं. रिकामे हात होते, त्यांना काम मिळालं. एक माणूस बाकीच्यांच्या खांद्यावर का बसतो, हे काही त्या गणितात येत नव्हतं. मीही विचारलं नाही.

तालमीनंतर सर मला बाजूला घेऊन गेले. खांद्यावर हात टाकला.

"तुझा सीव्ही मी आमच्या टीमला दिलाय. दरबार रविवारी, सोमवारी तुझी मुलाखत. गेनाऊ, अगदी ठोक्याला नऊ वाजता. मी बोललोय त्यांच्याशी."

"थँक्यू सर," मी म्हणालो.

"अरे, आपण एकमेकांचं नाही करायचं तर कोणी करायचं? आणि ताट जरा खाली धर. महाराजांच्या छातीच्या वर येता कामा नये."

दोन्ही गोष्टी एकाच दमात म्हणाले. मला सौदा कळायला वेळ लागला नाही.

घरी येताना गाडीत सांचीने विचारलं, "पापा, वारुम हास्ट डू ईम दी शूए आउसगेत्सोगेन?" तू त्याचे बूट का काढलेस? तिला मराठी कळतं, पण ती बोलते जर्मनमध्येच. मी म्हणालो, "नाटक आहे गं ते." ती म्हणाली, "मग मंदारकाका तुझे कधी काढणार?" हे मात्र तिने मराठीत विचारलं. मी सिग्नल हिरवा होऊनही उभा राहिलो. मागच्याने भोंगा वाजवला.

बायकोला सगळं सांगितलं. स्वप्नाली रडली नाही, ओरडली नाही. भांडी घासत म्हणाली, "अहो, एक दिवसाचा प्रश्न आहे. डोळे मिटून करा. सोमवारची मुलाखत झाली की त्यांचं तोंडही बघू नका." मग नळ बंद केला. मग म्हणाली, "मला नाही बघवणार. मी येणार नाही." तिची चूक नव्हती. घर तिलाही सांभाळायचं होतं.

ती आली नाही. सांची हट्ट करून आली.

रविवार. सकाळी अकरा. हॉल ओळखू येत नव्हता. झालरी, झुंबरं, अत्तर. म्युनिकहून, न्युरेम्बर्गहून गाड्या भरभरून लोक आले होते. महाराज माझ्याच वयाचे निघाले. गोरेपान, सौजन्याचे. ते पालखीत बसले. आठ इंजिनिअरांनी पालखी उचलली, त्यातल्या तिघांना नोकरी नव्हती. पालखी जरासुद्धा वाकली नाही. ढोल सुरू झाले. "महाराजांचा विजय असो!" लोक ओरडत होते, रडत होते. खरंच रडत होते. एक म्हातारी आजी कुणाच्या तरी आधाराने उठून पायघड्यांना हात लावून तो कपाळाला लावत होती. तिच्या मुलाला मी ओळखत होतो. तोही घरीच बसून होता.

मी गादीपाशी ताट घेऊन उभा. मनात एकच घोकत होतो, सोमवार, नऊ वाजता. सोमवार, नऊ वाजता.

निवेदक माईकवर बोलायला लागला. "आणि आता परंपरागत मानकरी, ज्यांच्या घराण्याने पिढ्यान् पिढ्या महाराजांच्या चरणांची सेवा केली..."

महाराज समोर आले. त्यांनी पाय पुढे केला.

माझ्याकडे बघितलं नाही. ते समोर लोकांकडे बघत होते, हसत होते, हात जोडत होते. पाय मात्र पुढे. खाली कुणीतरी असणारच, याची त्या पायाला खात्री होती. त्यात दुष्टपणा नव्हता. दुष्टपणा असता तर कदाचित मी घाबरलो असतो. ती नुसती सवय होती.

ढोल चढले. लोक नाचत होते. माझ्याकडे बघून नाचत होते.

मी ताट जमिनीवर ठेवलं. सरळ उभा राहिलो. आणि म्हणालो, "आपले जोडे आपण काढा."

मी ओरडलो नाही. पण निवेदकाचा माईक जवळ होता आणि ते हॉलभर गेलं. ढोल अडखळले. महाराज एका पायावर डुगडुगले. पहिल्यांदा त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं.

सर धावत आले. चेहरा हसरा, आवाज दातांतून. "काय करतोयस? उद्या मुलाखत आहे ना तुझी?"

"आहे," मी म्हणालो.

"मग?"

"माझ्या आजोबांना तो मान नव्हता. वेठ होती. त्यांना दिवसभर उन्हात बसवलं होतं. तुम्हाला सांगितलं होतं मी."

महाराज "ठीक आहे, ठीक आहे" असं काहीतरी पुटपुटले आणि वाकले. मला वाटतं ते खरंच स्वतःच्या हाताने जोडे काढणार होते. मी त्यांना तेवढं श्रेय देतो.

पण त्यांना काढू दिलं नाही. मंदारने छत्र दुसऱ्याच्या हातात कोंबलं आणि उडी मारून पुढे आला. धप्पकन गुडघ्यावर बसला. दोन्ही मोजड्या काढल्या, ताटात ठेवल्या, ताट उचलून कपाळाला लावलं. हॉल फुटला. टाळ्या, शिट्ट्या, "विजय असो!" मंदारच्या डोळ्यांत पाणी होतं. माझ्याच बरोबर हाकलला गेलेला माणूस. त्याच्यावर कुणी जबरदस्ती केली नव्हती. मला राजाची कधी भीती वाटली नाही. त्या टाळ्यांची वाटली.

मी सांचीचा हात धरून बाहेर पडलो. वाटेत कुणी अडवलं नाही. मागून एक बाई म्हणाली, "यांना कितीही शिकवा..." वाक्य तिने पुरं केलं नाही. करायची गरज नव्हती.

सोमवारी सकाळी सातला मेल आला. पदावरची भरती तूर्त थांबवली आहे, शुभेच्छा. स्वप्नालीने वाचला, लॅपटॉप मिटला आणि मला चहा दिला. "बरं केलंत," म्हणाली. पण मग ते सरकारी पत्र पुन्हा काढून उरलेले आठवडे मोजत बसली, आणि मला खोटं सांगायचं नाही, मीही मोजत बसलो. मंडळाच्या ग्रुपवरून मला काढून टाकलंय. सरांना भेटायला एकदा गेलो, ते खिडकीतून दिसले आणि दार उघडलं नाही. मंदारचीही मुलाखत कुठे झाली असं ऐकलं नाही.

त्या आठवड्यात मी सांचीला आजोबांची सगळी गोष्ट सांगितली. मराठीत, एकही शब्द गाळला नाही. छत्रीपाशी आल्यावर तिला हसू आलं, जोड्यांवर छत्री म्हणून. मग हसू थांबलं. मला हेच हवं होतं. तिला ही गोष्ट माझ्याकडून कळली, कुठल्या निवेदकाच्या तोंडून नाही.

पत्रातल्या मुदतीचे पाच आठवडे उरलेत. रोज अर्ज करतो. राहता येईल की जावं लागेल, माहीत नाही. कुणाच्या ओळखीने आता विचारत नाही. ओळखीची किंमत काय असते ते कळलंय.

महाराजांचा दौरा अजून चालू आहे. पुढचा दरबार तीन रविवारांनी न्युरेम्बर्गला. प्रवेश सगळ्यांना खुला, असं पत्रकात छापलंय. मी जाणार आहे. आगगाडीने, सकाळच्या. भांडायला नाही, घोषणा द्यायला नाही. पहिल्या रांगेत खुर्ची धरणार. ढोल वाजतील, महाराज येतील आणि सगळा हॉल उठून उभा राहील.

सांचीने विचारलं, "इश आउख?" मी पण? म्हटलं, उठायचं की बसायचं ते तुझं तू ठरव.

मी बसून राहणार आहे.