मालनने घेतलेलं नाव

लहानपणी वर्गात उत्तर येत असूनही हात वर न करणारी मालन १९५४ साली नैरोबीहून मुलुंडला माहेरी आली. बाळंतपणाला आली असेल, असं आमच्या चाळीला वाटलं. खरं तर नवऱ्याने तिला सोडलं होतं. तिकडच्या शाळेत तिची नोकरी होती, पण राहायचा परवाना मिळाला होता तो त्याची बायको म्हणून.

"गळ्यात मंगळसूत्र आहे ना? मग गप्प राहा आणि बोटीत चढ," तिचे वडील, भाऊ, म्हणाले.

परत जायच्या परवानगीसाठी दोघं फोर्टातल्या कचेरीत गेले, तेव्हा साहेबाने विचारलं, "नवऱ्याचं नाव?"

मालन अडखळली. उखाण्याशिवाय तिने ते कधी उच्चारलं नव्हतं. भाऊच घाईने म्हणाले, "वामन दिघे."

"बंदरावर न्यायला येतील ना?"

भाऊंनी तिचा पदर हलकेच ओढला. नुसतं 'हो' म्हटलं तरी पुरे होतं.

"वामन दिघे येणार नाहीत," मालन म्हणाली. "त्यांनी मला सोडलंय. मला माझ्या नोकरीवर जायचंय."

साहेबाने परवाना काढून घेतला. नोकरीसाठी नवा अर्ज करा, म्हणाला. मिळेलच असं नाही.

जिन्यात भाऊ कडाडले, "वाट लावलीस गं!"

"मोंबासाच्या बंदरावर उतरल्यावर नवरा कुठाय विचारलं असतं, तर कुणाला दाखवलं असतं, भाऊ?" मालन म्हणाली.

भाऊ स्वतःच मागे वळले, नव्या अर्जाचं विचारायला.