शरयूकाकूंना सगळ्यांचं कळतं

डेट्रॉइटजवळच्या नोव्हायच्या मराठी मंडळींत कुणाला प्लंबरचं, बँकेतल्या माणसाचं नाहीतर अमेरिकेच्या दक्षिणेकडून आलेल्या एखाद्या नर्सचं इंग्रजी डोक्यावरून गेलं, की एकच सल्ला मिळायचा, "शरयूकाकूंना फोनवर घ्या." शरयू नाफडे फोन घ्यायच्या, दोन मिनिटं "येस, येस" करायच्या आणि पलीकडचा काय म्हणाला ते मराठीत सांगून मोकळ्या व्हायच्या. यात आपण काही विशेष करतो असं त्यांना वाटत नसे. नागपूरच्या रेल्वे कॉलनीत त्यांचं बालपण गेलं. भिंतीच्या एका बाजूला तेलुगू गार्ड, दुसऱ्या बाजूला बंगाली तिकीट तपासनीस, आणि पुढे कॉलेजात शेक्सपिअर शिकवायला पालघाटचे प्राध्यापक. ज्याचं त्याचं इंग्रजी ज्याच्या त्याच्या गावचं असतं, हे त्यांनी लहानपणीच मनाशी धरून ठेवलं होतं.

लग्न होऊन अमेरिकेत आल्या तेव्हा पदरात इंग्रजीची एम.ए. होती आणि तिचा उपयोग शून्य होता. पुरुषोत्तम नाफडे मोटारीच्या कारखान्यात इंजिनिअर. मुलगी सुलेखा शाळेत रुळली तेव्हा काकूंनी जवळच्या विद्यापीठात नोकरी धरली. परदेशी विद्यार्थ्यांच्या ऑफिसात खिडकीशी बसायचं, फॉर्म घ्यायचे, तारखा द्यायच्या. हे काम त्या करतच होत्या, इतक्यात विद्यापीठात एक बोंब उठली. पहिल्या-दुसऱ्या वर्षाच्या पोरांना गणित, फिजिक्स शिकवायला पीएचडीचे विद्यार्थी जायचे, आणि त्यातले निम्मे परदेशी. ते काय बोलतात ते पोरांना कळत नाही, म्हणून आईबापांची पत्रं यायला लागली. फीचे पैसे मोजणारे आईबाप, त्यांचं कोण ऐकणार नाही? नियम झाला, की यापुढे बोलण्याची परीक्षा पास झाल्याशिवाय परदेशी विद्यार्थ्याने वर्गात पाऊल टाकायचं नाही.

परीक्षा साधी होती. उमेदवाराने फळ्यापुढे उभं राहून दहा मिनिटं धडा शिकवायचा. समोर तीन परीक्षक विद्यार्थी होऊन बसणार, वाटल्यास मधेच थांबवणार, मग पाच मिनिटं प्रश्न विचारणार. तिघांपैकी दोघांनी पास म्हटलं की झालं. ऑफिसच्या प्रमुख डोना कोवाल्स्की एक परीक्षक, गणिताचे प्राध्यापक हॉलंड दुसरे. तिसरं कोणी सापडेना, तेव्हा डोनाने काकूंची एम.ए. आठवून त्यांना खुर्चीत बसवलं.

काकूंनी ती खुर्ची मनापासून सांभाळली. साडीवर कोट चढवून, हातात पेन्सिल धरून त्या पुढच्या बाकावर बसत आणि धडा सुरू झाला की मान डोलावत. कोरियन आला, तुर्की आला, सांगलीचा शैलेंद्र आला, काकू मान डोलावतच होत्या. दोन वर्षांत त्यांनी एकालाही नापास केलं नाही. डोना एकदा हसत म्हणाली, "शरयू, तुला कुणाचं कळलं नाही असं कधी होतच नाही का?" काकूंना ते कौतुक वाटलं आणि घरी येऊन त्यांनी ते नवऱ्याला सांगितलंही.

नापास होणाऱ्यांत एक याओ होता. चीनमधल्या वूहानचा. वय पस्तिशीच्या पुढे, कारण कॉलेजात जायच्या वयात तिकडच्या सरकारने त्याला खेड्यात भातलावणीला धाडलं होतं. परत आल्यावर रेडिओवरचे इंग्रजीचे धडे ऐकून, डिक्शनरी पाठ करून तो तिकडच्या पीएचडीच्या प्रवेशपरीक्षेला बसला. त्यात इंग्रजीचा जो पेपर भल्याभल्यांना आडवा करतो, त्यात हा पहिला आला. म्हणून त्याला अमेरिकेला पाठवलं. पण तो पेपर सगळा लिहिण्याचा. व्याकरण, उतारे, भाषांतर. इंग्रजी बोलायला त्याला आयुष्यात कुणी सांगितलंच नव्हतं, आणि इथे आल्यावर सगळे म्हणत होते की फक्त बोलून दाखव.

याओ दोनदा नापास झाला. दोन्ही वेळी डोना आणि हॉलंड नापास म्हणाले आणि काकू एकट्या पास. काकूंना त्याचं अक्षर न् अक्षर कळायचं. शब्दांची शेपटं तो गिळायचा, पण मुद्दा कसा आरशासारखा स्वच्छ! खिडकीशी तो तारीख विचारायला आला की काकू त्याच्याशी चार शब्द बोलत. बायको वूहानला शाळेत शिकवते, मुलगी सहा वर्षांची आहे, हे सगळं त्याने काकूंनाच सांगितलं होतं. एकदा तो म्हणाला, "मिसेस नाफडे, या देशात माझं इंग्रजी तुम्हाला एकटीलाच कळतं." काकूंचा दिवस चांगला गेला.

तिसरी परीक्षा मे महिन्यात होती आणि ती शेवटची. तीही गेली तर शिकवण्याची नेमणूक रद्द होणार होती. नेमणूक गेली की पगार गेला, पगार गेला की पीएचडी गेली आणि याओ विमानात. नियमाने परीक्षकाने उमेदवाराला शिकवायचं नव्हतं, परीक्षेबद्दल अवाक्षर काढायचं नव्हतं. काकू नियमाच्या पक्क्या. त्यांच्या हातात होतं ते एक मत, आणि ते त्या देतच होत्या. इतर दोघांचे कानच बथ्थड, त्याला आपण काय करणार, असं त्यांचं म्हणणं.

परीक्षेच्या आदल्या रविवारी शैलेंद्र जेवायला आला. तो दर पंधरा दिवसांनी यायचा, होस्टेलवरचं खाऊन कंटाळलेला असायचा. "काकू, असं पिठलं सांगलीतसुद्धा मिळत नाही," म्हणत त्याने तीन भाकऱ्या संपवल्या, सुलेखाकडे न बघता तिला "हाय" म्हणाला आणि दुपारी गेला. भांडी धुताना काकू कौतुकाने म्हणाल्या, "गुणी पोरगा आहे. पहिल्या फटक्यात पास केला मी त्याला."

सुलेखा ताट पुसत होती. ती त्याच विद्यापीठात दुसऱ्या वर्षाला होती आणि मागच्या सहामाहीत तिने कॅल्क्युलसचा कोर्स मध्येच सोडला होता. त्यावरून काकूंनी तिला आळशी म्हटलं होतं, लक्ष नाही म्हटलं होतं, एकदा तर फोन काढून घेईन म्हटलं होतं. तिने ताट ओट्यावर ठेवलं.

"मॉम, तो माझा टीए होता. कॅल्क्युलस शिकवायचा."

"शैलेंद्र? मग बोलली नाहीस ती?"

"कसं सांगू? ही ईट्स हिअर! तुला काकू म्हणतो. आणि तू त्याला पास केलंस."

"पण त्याचं इंग्रजी किती छान आहे."

"मॉम, तो बोर्डशी बोलतो. ट्रेनसारखा. मला निम्मं कळायचं, कारण मी तुमचं ऐकत मोठी झाले. बाजूच्यांना काहीच नाही कळायचं. सगळे मला विचारायचे, व्हॉट डिड ही से? मी पूर्ण क्लास ट्रान्सलेट करत बसायचे आणि माझंच राहून जायचं. देन आय ड्रॉप्ड इट."

काकूंच्या हातांवर नळ वाहतच राहिला. मग त्यांना राग आला, तो अर्थातच पोरीचा. "एवढं कळत नव्हतं तर हात वर करून विचारायचं. तोंड नव्हतं?"

"कोणीच विचारत नाही. समोरच्या रांगेत एक मुलगा होता, पाकिस्तानी, त्याला सगळं कळायचं. तो मान हलवत बसायचा. शैलेंद्र त्याच्याकडेच बघून शिकवायचा. त्याला वाटायचं, एव्हरीबडी गेट्स इट."

सुलेखाने पुसलेली ताटं उचलून फडताळात ठेवली आणि ती वर निघून गेली. काकू ओट्याशी उभ्या राहिल्या. पुढच्या रांगेतल्या त्या पोराला त्यांनी कधी पाहिलं नव्हतं, पण त्याची मान त्यांना चांगली ओळखीची वाटली. याओ दोन्ही वेळा कुणाकडे बघून शिकवत होता? डोनाकडे नाही आणि हॉलंडकडे तर नाहीच. खोलीत एकच मान डोलत होती आणि तिच्याकडे बघत तो बिचारा धडाधड पुढे जात होता. प्रश्नांच्या पाच मिनिटांत डोना आणि हॉलंड कंटाळून गप्प बसत, कारण जे मुळात कळलंच नाही त्यावर विचारणार काय? काकूंना सगळं कळलेलं, म्हणून त्याही गप्प. तीन शहाणी माणसं बसायची आणि पोराला कुणी एक प्रश्न विचारत नव्हतं. आपण त्याची बाजू घेतो असं इतके दिवस वाटत होतं, आणि आपणच त्याला खड्ड्यात घालत होतो. काकूंना त्या दुपारी स्वतःची खरोखर लाज वाटली.

परीक्षेच्या दिवशी याओ इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून आला. विषय होता, धावत्या गाडीचा एका क्षणाचा वेग. त्याने खडू घेतला, काकूंकडे पाहिलं आणि सुरू केलं. पहिली दोन वाक्यं नेहमीसारखी भराभरा गेली. डोना खिडकीबाहेर बघायला लागली.

काकूंनी हात वर केला. "मला कळलं नाही."

याओ थांबला. आयुष्यात पहिल्यांदाच ते शब्द काकूंच्या तोंडून येत होते आणि ते साफ खोटे होते. त्याने तेच वाक्य पुन्हा म्हटलं, जरा मोठ्याने.

"अजून नाही कळलं," काकू म्हणाल्या. मान त्यांनी गळ्यात दोरी बांधल्यासारखी ताठ धरली होती. "एका क्षणात गाडी जागची हललीच नाही, तर वेग कसला?"

याओच्या कपाळावर घाम आला. त्याने फळ्याकडे वळून एक रस्ता काढला. एका टोकाला नोव्हाय लिहिलं, दुसऱ्या टोकाला डेट्रॉइट, मधे एक ओबडधोबड मोटार. मग मोठा शब्द आला की तो आधी लिहायचा, त्यावर बोट ठेवायचा आणि मग बोलायचा. एक तास, मग एक मिनिट, मग एक सेकंद, असे तुकडे त्याने लहान लहान करत नेले. डोनाने खिडकीवरून नजर काढली. काकूंनी आणखी तीनदा तरी "कळलं नाही" म्हटलं असेल. शेवटच्या वेळी तो काकूंना सोडून हॉलंडकडे वळला आणि त्यांना समजावू लागला, कारण बाईंच्या डोक्यात आज काही शिरत नव्हतं. हॉलंड चक्क पुढे वाकून म्हणाले, "आणि सेकंदाचाही तुकडा केला तर?" त्यांचा तो प्रश्न खरा होता. याओने त्याचं उत्तर दिलं, सावकाश, लिहून, आणि ते तिघांनाही कळलं.

कागद गोळा झाले. दारात डोना काकूंना म्हणाली, "आज त्याचं काहीतरी वेगळंच होतं. मी पास दिलंय." हॉलंडनीही दिलं होतं. काकूंच्या मताची तर गरजच उरली नव्हती.

पण निकाल आठवड्याने टपालाने जायचा, तोवर कुणी काही बोलायचं नव्हतं. याओ बाहेर बाकावर बसला होता. काकूंना पाहून उठला. "मिसेस नाफडे, माझं इंग्रजी आणखी बिघडलं का?" त्याने विचारलं. "आधी तुम्हाला कळत होतं."

काकूंच्या जिभेवर सगळं आलं होतं. पण समोर नियम होता, आणि आत्ता एक शब्द बोललो तर याची सगळी परीक्षाच रद्द होईल ही भीती होती. "निकाल येऊ दे," एवढंच म्हणून त्या पुढे गेल्या. मागे वळून बघायचं त्यांचं धाडस झालं नाही.

याओ पास झाला. सप्टेंबरपासून शिकवायला लागला. पोरांना तो आवडतो असं सुलेखा कुठूनतरी ऐकून आली, फळ्यावर गाड्या काढतो म्हणे. तिने स्वतः कॅल्क्युलस पुन्हा घेतलं. काकूंनी ती खुर्ची सोडायचं बोलून दाखवलं तेव्हा डोनाच नको म्हणाली, कारण आता प्रश्न विचारणारं कोणीतरी हवं होतं. शैलेंद्रलाही काकूंनी एक दिवस पिठलं वाढण्याआधी चांगलं खडसावलं, की बाबा रे, फळ्याशी काय बोलतोस, पोरांशी बोल.

ऑक्टोबरात याओ खिडकीशी आला. त्याला बायको-मुलीला बोलावून घ्यायचे फॉर्म हवे होते. काकू आनंदाने उठल्या. "या, या! बोला, काय पाहिजे?" आता नियम नव्हता, परीक्षा नव्हती, सगळं सांगून टाकायचं त्यांनी ठरवलं. "याओ, त्या दिवशी मला सगळं कळत होतं. मी मुद्दाम विचारत होते."

याओ हसला. सभ्य माणूस होता. वयस्कर बाई लाज राखायला असं म्हणते आहे, हे त्याला समजलं असं त्याच्या चेहऱ्यावर दिसलं. "हो, हो," तो म्हणाला.

मग त्याने खिशातून पेन काढलं, काउंटरवरचा एक कागद ओढला, आणि त्यांना त्रास पडू नये म्हणून आपल्याला काय हवं आहे ते मोठ्या, सुट्या अक्षरांत लिहून काकूंपुढे धरलं.