हेर ओनेन यांची वाळू

वाळूवर विमान उतरवण्यापूर्वी हेर ओनेन आपली कवळी काढून शर्टाच्या खिशात ठेवत आणि खिशाचं बटण लावत. (हेर म्हणजे जर्मनमधलं श्रीयुत.) मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं ते हे करताना, त्यांच्या शेजारच्या सीटवर गुडघे आवळून बसलेला असताना. साठ-एकसष्ट सालची गोष्ट. मी हॅनोव्हरला इंजिनिअरिंग शिकत होतो आणि सुट्टीतल्या कामासाठी उत्तर समुद्रातल्या एका लहानशा बेटावर चाललो होतो. खाली धावपट्टी नव्हतीच. ओहोटीनं उघडी पडलेली करडी वाळू आणि तिच्या दोन टोकांना अंथरलेली पांढरी कापडं, एवढंच.

"मागे एकदा आपटलो, तेव्हा ही गिळता गिळता राहिलो," बोळक्या तोंडानं ते म्हणाले. "आल्झो, तर मग हेर दामले, भ्यायचं ते आत्ताच भिऊन घ्या. खाली गेल्यावर टपालाच्या पिशव्या उतरवायच्या आहेत."

मी मनसोक्त भ्यालो. विमान थांबल्यावर त्यांनी कवळी बसवली आणि मगच माझ्याकडे पाहून हसले.

माझं काम सोपं होतं. विमान येण्याआधी अनवाणी पायांनी सगळी पट्टी चालून जायची. दर दहा पावलांवर टाच रोवायची. टाच ठणकली तर वाळू चांगली. वाळू टाच गिळू लागली तर कापड अंथरायचं नाही. कापड दिसलं नाही की हेर ओनेन एक घिरटी घालून मुकाट परत जात. का नव्हतं, असं त्यांनी मला एकदाही विचारलं नाही. "डोळ्यांना वाळू सगळी सारखीच दिसते. टाचेला विचारा," एवढंच सांगत.

हे काम त्यांनी मला दिलं, कारण मी गुहागरचा. आमच्याकडे पुळणीवरून सायकली चालवतात, असं मी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. त्यावर ते फार खूश. "हॅनोव्हरचे बाकीचे विद्यार्थी वाळू पाहिली की टॉवेल पसरतात," असं म्हणून ते मला बेटावरच्या प्रत्येकापुढे उभं करत. युद्धातल्या उड्डाणांबद्दल मात्र अवाक्षर काढत नसत. त्यांची बायको एकदा मला म्हणाली होती, "ते विमानाला भीत नाहीत. न तपासलेल्या जमिनीला भितात."

ऑक्टोबरच्या शेवटी दोन दिवस वादळ झालं. बोटी बंद पडल्या. तिसऱ्या दिवशी वारा पडला आणि हेर ओनेन टपाल आणि औषधं घेऊन निघाल्याचा फोन आला. थंडी अशी, की वाळूवर पाय ठेवताच कळ डोक्यात गेली. शंभरएक पावलं मी अनवाणी चाललो. मग मागे फिरलो, पिवळे रबरी बूट चढवले आणि उरलेली पट्टी तशीच चाललो. वाळू सपाट होती, ओली होती, चकचकत होती. आमच्या पुळणीवर अशी वाळू दिसली असती तर मी डोळे मिटून सायकल घातली असती. मी दोन्ही कापडं अंथरली.

ते नेहमीसारखे एकदा अगदी खालून, माझ्या डोक्यावरून गेले, वळले आणि उतरले. निम्म्या पट्टीपर्यंत सगळं ठीक होतं. मग डावं चाक रुतलं. वादळानं तिथला ओहोळ मऊ वाळूनं भरून वरून गुळगुळीत केला होता. विमान नाकावर उभं राहिलं आणि सावकाश उलटं पडलं. इंजिन बंद झाल्यावरची ती शांतता मला अजून ऐकू येते. मी धावलो. धावताना माझे बूट त्याच वाळूत रुतत होते.

त्यांच्या कमरेचं हाड मोडलं होतं. चौथ्या दिवशी चौकशीचा अधिकारी दवाखान्यात आला. मी खाटेपाशीच होतो. हेर ओनेन यांची कवळी काढलेली, आवाज खोल गेलेला. अधिकाऱ्यानं विचारलं, "वाळू कोणी तपासली होती?" ते पुटपुटले. अधिकाऱ्याला कळेना. तो माझ्याकडे वळला. "तुम्हाला यांचं बोलणं समजतं. काय म्हणतात?"

हेर ओनेन माझ्याकडे बघत होते. माझ्या आउफएन्टहाल्टचा, म्हणजे इथे राहण्याच्या परवान्याचा कागद महिनाभरात संपणार होता. हे त्यांना माहीत होतं, मलाही.

"ते म्हणतात," मी सांगितलं, "आदल्या फेरीला त्यांनी स्वतः वाळू पाहिली होती आणि त्याच भरवशावर ते उतरले."

ते खरोखर तेच म्हणाले होते. मी एक शब्दही बदलला नाही. त्यांचा उड्डाणाचा परवाना गेला.

बेट सोडताना ते काठी टेकत धक्क्यावर आले. मला राहवलं नाही. "हेर ओनेन, मी त्या दिवशी बूट घातले होते."

"माहीत आहे. खालून गेलो तेव्हा दिसले. पिवळे."

"मग उतरलात कशाला?"

ते जरा विचारात पडले, जणू हा प्रश्न त्यांना सुचलाच नव्हता. "कापड तुम्ही अंथरलं होतं," ते म्हणाले. मग बोट सुटेपर्यंत गुहागरच्या सायकलींबद्दल विचारत राहिले.

गेल्या हिवाळ्यात त्यांच्या बायकोचं पत्र आलं, ते गेल्याचं. आता माझ्या परवान्याला धोका नाही आणि त्यांच्या परवान्याचा कुणाला उपयोग नाही. तरी त्या अधिकाऱ्याला द्यायचं उत्तर इथे लिहून ठेवतो. वाळू मी तपासली होती. पहिली शंभर पावलं अनवाणी, पुढची सगळी बूट घालून.