आतोबांची अन्युआक

हट्ट म्हणजे काय ते ज्याला पाहायचं असेल, त्यानं माझ्या आतोबांना पाहायला हवं होतं. शारजात रोल्ला चौकाजवळ ते आणि आत्या राहत. नोकरी लागल्यावर मीही दोन वर्षं त्यांच्याकडेच होतो. भेटेल त्या माणसाशी त्याच्याच भाषेत बोलायची आतोबांना खोड. मल्याळम झाली, पश्तू झाली, आणि बिल्डिंगला ओमोत नावाचा वॉचमन आला. त्याची भाषा अन्युआक, इथिओपिया आणि सुदानच्या सरहद्दीवरची. "यल्ला, चल, शिकव," आतोबा म्हणाले, आणि रोज सकाळचा चहा ते त्याच्याबरोबर जिन्यात घेऊ लागले.

त्या भाषेत सूर बदलला की अर्थ पालटतो, आणि आतोबा सुराच्या बाबतीत जन्मापासून बेपर्वा. ओमोत पोट धरून हसे. जेवताना आतोबा आत्याला नायलोटिक भाषांचं कुळ समजावत. "मसाई पूर्वेच्या शाखेतली. पश्चिमेच्या शाखेत डिंका, नुएर आणि लुओ. आपली अन्युआक लुओ गटातली. शिल्लुक, अचोली तिच्या सख्ख्या बहिणी."

"माझ्या सख्ख्या बहिणींची नावं सांगा बघू," आत्या म्हणे. तिथे आतोबा अडखळत.

एका हिवाळ्यात ओमोतला न्यूमोनिया झाला, आम्ही त्याला हॉस्पिटलात नेलं. तापात तो अरबी पार विसरला. ऑक्सिजनचा मास्क ओढून काढी, उठायला धडपडे. "हात बांधना पडेगा," नर्स म्हणाली. आतोबांनी कान लावला, पण चहापुरती अन्युआक तिथे पुरेना.

"थांबा. या भाषेची बहीण शोधतो," म्हणून ते निघाले. मजल्यामागून मजला, दिसेल त्या आफ्रिकन माणसाला विचारत होते, "अचोली? शिल्लुक?" मी मागे, शरमेनं अर्धा झालेला. शेवटी लाँड्रीत युगांडाची एक बाई थबकली. "अचोली? मी."

ती ओमोतच्या तोंडाशी वाकली. "सगळं नाही कळत," ती म्हणाली. "पण आडवं झालं की जीव गुदमरतो म्हणतोय. बसवा त्याला."

त्याला उशांना टेकवून बसवलं. मास्क त्यानं स्वतःच धरून ठेवला.

बरा होऊन तो गावी गेला. तिथून आतोबांच्या ऑफिसच्या पत्त्यावर त्याचं एक पत्र आलं. आतोबा आठवडाभर त्याचा अर्थ लावत बसले. "आई विचारते, तुझ्याशी आपली भाषा बोलणारा तो म्हातारा कोण?" एवढं वाचून दाखवलं आणि पत्र घडी करून खिशात ठेवलं.

उत्तर लगेच गेलं. पुढे तिकडची माणसं गावं सोडून पळत असल्याच्या बातम्या रेडिओवर येऊ लागल्या. आतोबा ऑफिसातून आले, की आत्या त्यांच्या रिकाम्या हातांकडे बघे आणि ताटं घेई.